परदेशी शिकताना देवधर्म, मित्र आणि भटकंती : आपल्या भागातल्या मुलामुलींनी लिहावं

खंजिरी_तिवसा

मे-जून आला की गावाकडून फोन सुरू होतात. कोणाच्या पोरीला जर्मनीत ॲडमिशन मिळालेलं असतं, कोणाचा भाचा नेदरलँडला निघालेला असतो. आईवडील आधी पैशांचं विचारतात, मग थंडीचं. फोन ठेवता ठेवता आवाज खाली करून खरं काय ते विचारतात, "तिकडं जाऊन पोरगं आपलं राहीन ना?" फोनवर दोन मिनिटांत याचं उत्तर देता येत नाही, म्हणून हा धागा काढतोय. जे जाऊन आलेत किंवा सध्या तिकडं आहेत त्यांनी मोकळेपणानं लिहा. निघालेल्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी बिनधास्त विचारा.

माझं आधी सांगतो. मी तिवसा तालुक्यातला. घरी कपाशी, तूर, थोडं सोयाबीन. मोझरी सायकलच्या अंतरावर, त्यामुळं आमच्या घरात श्रद्धा म्हटलं की देव्हाऱ्याच्या आधी सामुदायिक प्रार्थना डोळ्यांपुढं येते. दिवेलागणीला मंडळाच्या ओट्यावर सतरंज्या पडतात, लहान पोरं पुढं बसतात, मोठी मागं, आणि कोण कोणत्या आळीतला हे न बघता सगळे मांडीला मांडी लावून बसतात. तुकडोजी महाराजांनी 1935 मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम उभारला तेव्हापासून आमच्या पंचक्रोशीत हे चालत आलंय. महाराज स्वतः 1955 मध्ये विश्वधर्म परिषदेसाठी जपानला जाऊन आले. त्यामुळं सातासमुद्रापार गेलं की धर्म बुडतो वगैरे आमच्या आजोबांनी कधी मानलं नाही. मी निघालो तेव्हा त्यांनी एवढंच सांगितलं, "एकटा बसू नको. चार जणांत बसत जाय."

मला सांगायचंय तेही हेच. खोलीचं दार लावून, मोबाईलवर आरती लावून श्रद्धा टिकेल असं समजू नका. आठ-पंधरा दिवस टिकते, पुढं अभ्यासाचा रेटा सुरू झाला की मोबाईलवर फक्त आरतीची वेळ उरते. सोबत शोधा. आपल्या पंथाची मिळाली तर उत्तमच. नाही मिळाली तर दुसऱ्याच्या प्रार्थनेत जाऊन गुमान बसा. आपलं काही कमी होत नाही.

माझं विद्यापीठ होहेनहाइम, श्टुटगार्ट शहराच्या दक्षिणेकडच्या टोकाला. शेतीशिक्षणात त्याचं मोठं नाव आहे, पण ते निघालं कसं हे आपल्याकडच्या माणसानं ऐकण्यासारखं आहे. 1815 मध्ये इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखी फुटला. त्याच्या धुराळ्यानं ऊन अडलं आणि 1816 साली युरोपात उन्हाळा आलाच नाही. पिकं शेतात सडली. श्टुटगार्ट ज्यात होतं त्या वुर्टेमबर्ग राज्यात लोकांवर उपासमारीची पाळी आली, कितीतरी लोक गाव सोडून गेले. तेव्हा राजा विल्हेल्म आणि राणी कॅथरिना यांच्या पुढाकारानं 1818 मध्ये होहेनहाइमला शेतीची शाळा निघाली, तीच पुढं विद्यापीठ झाली. त्याच वर्षी जवळच्या कानश्टाटला शेतकऱ्यांची जत्राही सुरू झाली. ती आजही दर शरदात भरते आणि मैदानात धान्याफळांनी मढवलेला उंच खांब उभा करतात. दुष्काळ सोसल्यावर शाळा आणि जत्रा दोन्ही काढणारा तो मुलूख मला पहिल्याच आठवड्यात जवळचा वाटला. आपल्याकडं नापिकीनंतर काय काय निघायला हवं होतं, हा विचार तिथं कितीदा तरी मनात आला.

पहिला पक्का मित्र मिळाला तो श्वेबिश आल्ब नावाच्या पठारावरच्या शेतकऱ्याचा पोरगा. घरी दुभती जनावरं. त्याच्यासोबत त्याच्या गावी गेलो. चुनखडीचं पठार, माती वीतभर, पाऊस पडतो पण पाणी दगडातून खाली निघून जातं. जुन्या काळी तिथली माणसं छपरावरचं पाणी हौदात साठवून प्यायची. 1870 नंतर नदीकाठावरून पंप लावून गावोगाव पाणी चढवलं तेव्हा कुठं हाल संपले. त्याची आजी हे सांगत होती, तो भाषांतर करत होता, आणि मला आमच्या गावचा उन्हाळा आठवत होता. जेवायला बसल्यावर आजीनं हात जोडले, सगळे थांबले. तिचं झालं, मग तिनं माझ्याकडं पाहून हातानंच "आता तू" अशी खूण केली. मी आपली जेवणाआधीची प्रार्थना म्हटली. तिला एक अक्षर कळलं नसेल, पण संपेपर्यंत तिनं चमचा उचलला नाही.

ऑक्टोबरच्या सुरुवातीच्या रविवारी तिकडं एर्न्टेडांक असतो, म्हणजे पीक घरात आल्याबद्दल देवाचे आभार. त्या मित्रानं मला प्लीनिंगेनच्या जुन्या चर्चमध्ये नेलं. वेदीसमोर भोपळे, मक्याची कणसं, सफरचंदं, पाव, गव्हाच्या पेंढ्या. शेतकऱ्याच्या पोराला त्या ढिगापुढं परकं वाटूच शकत नाही. मी हात जोडले. मला कोणी "तू कोणाला हात जोडलेस" म्हणून विचारलं नाही.

आता तेझेबद्दल. यासाठीच खरं तर लिहायला बसलो. फ्रान्सच्या बर्गंडी भागात, क्लूनीजवळ तेझे नावाचं लहानसं गाव आहे. ब्रदर रॉजर तिथं 1940 मध्ये आले आणि त्यांनी एक आश्रमच उभा केला. प्रोटेस्टंट आणि कॅथलिक दोन्हीकडचे बंधू तिथं एकत्र राहतात. जगभरातली तरुण पोरं आठवडाभरासाठी येतात. दिवसातून तीनदा घंटा झाली की सगळे प्रार्थनेला. आमच्या विद्यापीठातल्या विद्यार्थी-मंडळाची बस जात होती, कोलंबियाची एक वर्गमैत्रीण म्हणाली चल, गेलो.

आत गेलो तर पोरं जमिनीवर बसलेली! खुर्च्या-बाकडी जवळपास नाहीतच. समोर भगव्या कापडाचे लांब पट्टे आणि असंख्य मेणबत्त्या. प्रवचन नाही. दोन ओळींचं गाणं, तेच पुन्हा पुन्हा, कधी लॅटिन, कधी स्पॅनिश, कधी पोलिश. चौथ्या-पाचव्या फेरीला मलाही म्हणता यायला लागलं. मग एकदम शांतता. हजारभर पोरं आणि कोणी खोकतसुद्धा नाही. मी डोळे मिटले आणि थेट मोझरीला पोचलो. तीच जमीन, तेच एका सुरात म्हणणं, तेच मध्येच गप्प होणं. बाहेर आल्यावर कामांची वाटणी. कोणी भांडी घासायची, कोणी जेवण वाढायचं, कोणी संडास धुवायचे. माझ्या वाट्याला भांडी आली. गाडगेबाबांच्या मुलखातल्या माणसाला झाडू-घासणी हातात घेऊन भक्ती करायला शिकवावं लागत नाही. शेजारी एक पोर्तुगीज पोरगा आणि एक लिथुआनियाची मुलगी. त्यांना मी बाबांच्या झाडूबद्दल सांगितलं. ती मुलगी म्हणाली, असा संत आमच्याकडं हवा होता.

शेवटचं सांगतो आणि थांबतो. मोझरीला तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला दुपारी 4 वाजून 58 मिनिटांनी मौन श्रद्धांजली असते, ते आपल्याकडच्यांना सांगायला नको. जर्मनीत घड्याळ साडेतीन तास मागं, म्हणजे 1 वाजून 28 मिनिटं. मेन्सामध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या खानावळीत, ऐन गर्दीची वेळ. मी ताट टेबलावर ठेवून उभा राहिलो. समोर माझा सिरियाचा रूममेट बसला होता. त्याला आदल्या रात्री सांगून ठेवलं होतं. तोही उठला. ती कोलंबियाची उठली. आल्बचा मित्र रांगेत होता, तो रांगेतच टोपी काढून उभा राहिला. बाजूच्या टेबलावरचे बघत होते, बघू दिलं.

आता तुम्ही लिहा.


पांढरकवडा_बाप

भाऊ, लय चांगलं लिवलं. मी शेतकरी माणूस, मले असं लिवता येत नाई, पण इचारतो. माही पोरगी औंदा जर्मनीले जाऊन रायली. तिची माय चार दिवसापासून जेवली नाई धड. तिले वाटते पोरगी तिकडं काय खाईन, कोणासंग राहीन. आमच्याकडं दर सोमवारी महादेवाचं असते, पोरगी लहानपणापासून करते. मले इचारायचं हाय का तिकडं गेल्यावर धरम लिहून घेतात म्हणे कागदावर, अन् त्याचे पैसे कापतात, हे खरं हाय का? अन् दुसरं, चर्चमध्ये बसलं तं धरम बदलाले लावतीन का? राग नका मानजा. बापाच्या मनात येते.


मातीपरीक्षक

काका, पहिल्या प्रश्नाचं मी सांगतो. गावात राहायला आलं की दोन आठवड्यांच्या आतच पालिकेच्या कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो. त्या फॉर्ममध्ये धर्माचा रकाना असतो. तो चर्चकराच्या हिशोबासाठी. जी माणसं तिथल्या चर्चची नोंदणीकृत सदस्य आहेत त्यांच्याच आयकरावर चर्चकर लागतो. बव्हेरिया आणि बाडेन-वुर्टेमबर्गमध्ये आयकराच्या 8 टक्के, बाकी राज्यांत 9 टक्के. आपल्या पोरीला तो लागत नाही. रकान्यात "नाही" लिहायचं. त्यानं महादेव रागावत नाही, तो रकाना फक्त त्यांच्या करापुरता आहे.

धागाकर्त्याशी मात्र माझा थोडा मतभेद आहे, तो सांगतो. आपल्याकडची पोरं कर्ज काढून जातात. जर्मनीच्या व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे 11,904 युरो आधी भरून ठेवावे लागतात, महिन्याला त्यातले 992 हातात येतात. बाडेन-वुर्टेमबर्गमध्ये युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना वर सेमिस्टरला 1,500 युरो फी. काम करायची मुभा वर्षाला 140 पूर्ण दिवस किंवा 280 अर्धे दिवस. एवढ्या दडपणात पोरगं आधीच पिचलेलं असतं. अशा एकट्या पोराला गोड बोलून, फुकट जेवू घालून आपल्या गोटात ओढणारे गटही विद्यापीठांच्या आसपास फिरतात. मी ते जवळून पाहिलंय. माझ्या ओळखीचा एक मुलगा अशा गटात इतका गुंतला की दोन विषय राहिले, शेवटी घरचे फोन घेईना. तेव्हा "कुठल्याही प्रार्थनेत जाऊन बसा" हे सरसकट सांगू नये. आधी पेपर, मग प्रार्थना.


खंजिरी_तिवसा

मातीपरीक्षक, तुमचं म्हणणं रास्त आहे आणि ते इथं यायलाच हवं होतं. काका, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे.

ओळखायची खूण सांगतो. जिथं तुम्हाला तुमच्या जुन्या मित्रांपासून, घरच्यांपासून तोडायला बघतात तिथून निघायचं. जिथं "आमच्यात ये, मगच" अशी भाषा असते तिथूनही. तेझेला मला कोणी धर्म बदल म्हणून सांगितलं नाही. मी हिंदू आहे हे ऐकल्यावर तिथल्या एका वृद्ध बंधूनं विचारलं की तुमच्याकडं प्रार्थना कशी करतात, आणि अर्धा तास ऐकत बसला. आल्बच्या आजीनं तर मला पुढच्या खेपेला माझ्या आईचा फोटो घेऊन यायला सांगितलं. अशी माणसं पोरगं हिरावून नेत नाहीत.

पेपर आधी, हे शंभर टक्के. पण पेपर द्यायलाही माणूस आतून शाबूत लागतो. डिसेंबरात दुपारी साडेचार-पाचलाच अंधार पडतो. जे एकटे पडले त्यांचेच विषय जास्त राहिले, हे मी होस्टेलमध्ये डोळ्यांनी पाहिलंय.


धम्मवाट_चिमूर

मी चंद्रपूर जिल्ह्यातली, चिमूर तालुका. आईवडील मजुरी करतात. राज्य सरकारच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर बर्लिनला आले. माझी आजी 16 ऑक्टोबर 1956 ला चांद्यात दीक्षा घेतलेल्यांपैकी. नागपूरचा 14 ऑक्टोबर सगळ्यांना माहीत असतो, पण बाबासाहेबांनी दोनच दिवसांनी चंद्रपूरलाही दीक्षा दिली होती, हे आमच्या भागाबाहेर फारसं कोणी बोलत नाही. आजी तेव्हा पोरवयातली. बैलगाडीत बसून गेलेली. मी विमानात बसले तेव्हा तीच आठवत होती.

धागाकर्त्यानं "सोबत शोधा" म्हटलं. सगळ्यांना ती सारख्या सहजतेनं मिळत नाही, म्हणून माझंही लिहिते. बर्लिनला आल्यावर मी आपल्याच देशातल्या विद्यार्थ्यांच्या एका गटात गेले. पहिल्याच भेटीत आडनाव विचारलं. मग गाव. मग वडील काय करतात. मग एकीनं घरात देव कोणता असं विचारलं. मी म्हटलं, आम्ही बौद्ध. त्यानंतर बोलणं बदललं. दिवाळीच्या जेवणाचा निरोप मला आला नाही. एवढ्या लांब येऊनही हेच, याचं त्या रात्री फार वाईट वाटलं. आज मी ते लिहू शकते, कारण पुढं जे मिळालं ते त्याहून मोठं होतं.

आमच्या लॅबमध्ये श्रीलंकेची एक मुलगी आहे. एकदा सकाळी मी प्रयोगाची तयारी करता करता सवयीनं पुटपुटत होते, "नमो तस्स भगवतो अरहतो सम्मासम्बुद्धस्स". तिच्या हातातली बाटली तशीच राहिली. तिनं पुढचं म्हटलं. मग आम्ही दोघींनी मिळून त्रिशरण म्हटलं, पंचशील म्हटलं. शब्द तेच, चाल वेगळी. तिची संथ, लांबवत नेणारी, आमच्या विहारातली जरा ठाम. ती शेवटी म्हणाली, तुला हे कोणी शिकवलं? मी सांगितलं, माझ्या आजीनं, आणि आजीला शिकवणारे विहारातले लोक पहिल्यांदा हे शब्द शिकत होते तेव्हा तेही मोठेच झालेले होते. तिच्या घरी ही वंदना पिढ्यान् पिढ्या चालत आलेली. आमच्या घरी आजीपासून सुरू झालेली. तिनं माझे दोन्ही हात धरले. त्या दिवसापासून आम्ही बहिणी आहोत.

तिनं मला फ्रोनाउला नेलं. बर्लिनच्या उत्तरेकडं, एस-बान म्हणजे तिथली लोकल गाडी, तिच्या एस1 मार्गानं जायचं. पाउल डाल्के नावाच्या जर्मन डॉक्टरनं 1924 मध्ये तिथं बौद्ध विहार बांधला. युरोपातल्या सगळ्यात जुन्या विहारांत तो मोजतात. आज तिथं श्रीलंकेचे भन्ते, म्हणजे बौद्ध भिक्खू राहतात. टेकडीवर चढायला 73 पायऱ्या आहेत आणि त्या आठ टप्प्यांत बांधल्यात, अष्टांगिक मार्गासाठी. माझी मैत्रीण प्रत्येक टप्प्यावर थांबली. मीही थांबले. वर पोचल्यावर भन्तेंना दान द्यायचं होतं. तिनं मसुराच्या डाळीची आमटी आणली होती, मी गावाकडच्या तिखटाचं वांग्याचं भरीत. भन्तेंनी दोन्ही खाल्लं. माझ्या भरताला त्यांनी पाणी मागितलं, पण पुन्हा वाढून घेतलं.

तिथं एक जर्मन आजोबा नेहमी येतात. त्यांनी बाबासाहेबांबद्दल वाचलेलं होतं. मला म्हणाले, तुमचे बाबासाहेब बॉनलाही आले होते. हे मला माहीत होतं. 1921 मध्ये त्यांनी बॉन विद्यापीठात नाव नोंदवलं होतं, जर्मन भाषा ते आधीच शिकले होते. पण बर्लिनमध्ये एका जर्मन म्हाताऱ्याच्या तोंडून ते ऐकताना माझे डोळे भरले. पुढच्या सुट्टीत मी बॉनला गेले. साध्या पॅसेंजर गाड्यांनी, जर्मनीभर चालणाऱ्या महिन्याच्या तिकिटावर. हे तिकीट मे 2023 ला 49 युरोत सुरू झालं. आता महाग झालंय, तरी विद्यार्थ्यांना सवलतीत मिळतं आणि फिरायला सोन्यासारखं आहे. एक्स्प्रेसला चालत नाही, लोकल आणि पॅसेंजरला चालतं. त्या मोठ्या पिवळसर इमारतीसमोर मी बराच वेळ बसून राहिले. शंभर वर्षांपूर्वी एक माणूस इथं आला तेव्हा त्याच्या सोबत कोण होतं, हेच डोक्यात चाललं होतं. माझ्या मागं तर तो आहे, शिष्यवृत्ती आहे, अख्खं गाव आहे.

दुसरी मैत्रीण व्हिएतनामी. जन्म बर्लिनचाच, आई पूर्व जर्मनीच्या काळात कारखान्यात कामाला आलेली. ती मला हानोवरला व्हियेन जाक नावाच्या पगोड्यात घेऊन गेली. व्हिएतनामहून आलेल्या निर्वासितांनी तो उभारलाय. त्यांची पद्धत आमच्यापेक्षा फार वेगळी. घंटा, उदबत्त्या, त्यांच्या भाषेतलं पठण. मला काही कळलं नाही. पण बुद्धापुढं बसले होते, माझी जागा मला कळत होती.

तर पांढरकवड्याच्या काकांना सांगते, तुमची पोरगी सोमवार पाळते तर पाळू द्या. पण तिला हेही सांगा की आपल्या गावची, आपल्या भाषेची मुलगी कोणत्याही घरची भेटली तरी तिला आधी जेवायला बोलवायचं, आडनाव मागून विचारायचं.


पांढरकवडा_बाप

बाई, तुमचं वाचलं. दोनदा वाचलं. पोरीलेही वाचाले लावलं. तिनं तुमाले निरोप सांगतला का थे बर्लिनले आली तं पयले तुमच्याकडं जेवाले येईन. भरीत तिच्या मायच्या हातचं शिकून येऊन रायली म्हणे.


ऋद्धपूरवासी

दंडवत प्रणाम सगळ्यांना. मी वाखेनिंगेनला शिकले, नेदरलँडमध्ये. आमचं घर महानुभाव. मांसाहार, मद्य घरात कधी आलं नाही. निघताना आईला एवढीच काळजी होती. पांढरकवड्याच्या काकूंसाठी लिहिते. खाण्याची अडचण वाटते तेवढी नाही. मेन्सात रोज एकतरी पूर्ण शाकाहारी पदार्थ असतो, दुकानात पाकिटावर हिरवी खूण असते. आधी चीज आणि जिलेटीनकडं तेवढं नीट बघायचं, कारण बऱ्याच चीजमध्ये आणि गोळ्यांमध्ये जनावराचा अंश असतो. ज्वारीचं पीठ अरबी किंवा आफ्रिकी दुकानात मिळतं. तुरीची डाळ भारतीय दुकानात. मिरचीचा ठेचा मात्र घरूनच न्या, तो कुठंही मिळत नाही.

मित्रांचं म्हणाल तर मी दारू पीत नाही हे पहिल्याच पार्टीला सरळ सांगितलं. कोणी आग्रह केला नाही. पुढं पुढं रात्री सायकलवरून सगळ्यांना सुखरूप घरी नेऊन सोडायचं काम माझ्याकडं आलं आणि त्यातूनच जिवाभावाच्या मैत्रिणी मिळाल्या. चीनची एक, केनियाची एक. केनियाची मुलगी रविवारी चर्चला जायची, मी त्या वेळात सूत्रपाठ म्हणायची, मग दोघी मिळून स्वयंपाक. तिच्या उगालीत, म्हणजे मक्याच्या पिठाच्या घट्ट लापशीत, आणि आपल्या आंबिलाच्या घट्ट भागात मला फार फरक वाटला नाही.


निघालेली_वाशिम

मी सप्टेंबरला जाते आहे. मला एक विचारायचं आहे. सगळे म्हणतात नाताळात होस्टेल ओस पडतं. तेव्हा काय करायचं?


खंजिरी_तिवसा

बरं झालं विचारलंस ताई. 24 डिसेंबरच्या दुपारपासून दुकानं बंद होतात. 25 आणि 26 पूर्ण बंद. जर्मन पोरं घरी जातात. दूध, भाजी, पाव 23 लाच आणून ठेव. आणि एकटी राहू नको. कोणी घरी बोलावलं तर संकोच न करता जा, रिकाम्या हातानं जाऊ नको. घरचे चिवडा-लाडू चालतात, फार आवडतात. कोणी बोलावलं नाही तर होस्टेलमध्ये राहिलेल्यांना तूच बोलाव. आमच्याकडं त्या रात्री माझा सिरियाचा रूममेट, दोन इथिओपियाची मुलं आणि मी असे होतो. इथिओपियाच्या मुलांचा नाताळ 7 जानेवारीला असतो, त्यामुळं त्यांचा तेव्हा उपास चालू होता, दूध-अंडीसुद्धा नाही. मग झुणका केला. बेसन बघून रूममेट खूश. तो अलेप्पोकडचा, वडील हरभऱ्याच्या संशोधन केंद्रात कामाला होते. लढाईमुळं ते केंद्र तिथून हलवावं लागलं, आणि नॉर्वेच्या स्वालबार्डला बर्फात जपून ठेवलेलं आपलंच बियाणं 2015 मध्ये परत मागवून त्यांना पुन्हा लावावं लागलं. हे सगळं तो झुणका ढवळत सांगत होता. मार्चमध्ये रमजान आला तेव्हा रोजा सोडायला त्यानं पहिला खजूर माझ्या हातावर ठेवला. मी त्याच्यासोबत काही दिवस संध्याकाळपर्यंत थांबून जेवलो, आणि आमच्या प्रार्थनेच्या वेळी तो शेजारी बसून राहायचा.


मातीपरीक्षक

माझं म्हणणं थोडं बदलून लिहितो. पेपर आधी, हे कायम. पण पहिल्या महिन्यातच एक ठिकाण धरा जिथं दर आठवड्याला ठरलेल्या वेळी जाल, मग ते विहार असो, चर्च असो की स्वयंपाकघरातलं भजन. आणि हे ठिकाण घरच्यांना नावानिशी सांगून ठेवा, म्हणजे चुकीच्या गोटात गेलात तर कोणीतरी विचारेल. विद्यापीठांत कॅथलिक आणि प्रोटेस्टंट विद्यार्थी-मंडळं असतात. अडचणीत सापडलेल्या परदेशी विद्यार्थ्यांना त्यांच्याकडून बऱ्याच ठिकाणी मदतनिधीही मिळतो, धर्म कोणताही असला तरी. पैसे संपत आले तर आधी तिथं जा, व्याजानं घेऊ नका.


धम्मवाट_चिमूर

वाशिमच्या ताईला आणि पांढरकवड्याच्या ताईला, दोघींना सांगते. 14 ऑक्टोबरच्या जवळच्या रविवारी आम्ही वेगवेगळ्या शहरांतले काही जण बर्लिनला जमतो. वंदना, मग जेवण, मग ज्यांना यायचं ते फ्रोनाउला. कोणीही या. ट्रेनचं तिकीट आधी काढू नका, इथं विचारा, पॅसेंजर गाड्या कुठं बदलायच्या ते लिहून देईन. राहायची सोय आमच्या खोल्यांत होते, फक्त अंथरूण आपलं आणायचं.


पांढरकवडा_बाप

अंथरूण तं देतोच बाई. गोधडी हाय तिच्या आजीची. पण विमानात तेवीस किलोच चालते म्हणते पोरगी. ठेचा ठेवू का गोधडी, तेवढं सांगजा.


ऋद्धपूरवासी

काका, दोन्ही. गोधडी हातातल्या सामानात घ्यायची, अंगावर पांघरून गेली तरी चालते. ठेचा तेल जास्त घालून, कोरडा करून, दोन पिशव्यांत बांधून मोठ्या बॅगेत मधोमध.